स्वतःच्या हातांना भ्यालेली माय

माय, परवा तुझी तेरवी झाली. मळ्यात चिंचेखाली पंगत बसली होती आणि मी वाढत होते. "सुटली बिचारी," कोणीतरी म्हणालं. त्यावर दुसरी एक बाई म्हणाली, "ते सुटली तं सुटली, पोट्टी जिती राह्यली हे देवाची किरपा." तिला वाटलं, मी लांब आहे. मी तिच्या पाठीशीच वरणाचं भांडं घेऊन उभी होते. तिच्या पानात वरण घातलं आणि पुढच्या पानाकडे गेले.

बोलायचं होतं खूप. माझ्या मायनं मला कधी एक चापटसुद्धा मारली नाही, हे त्या पंगतीत ओरडून सांगायचं होतं. पण जी गोष्ट मला स्वतःला वीस-बावीस वर्षं कळली नाही, ती दोन वाक्यांत कोणाला कशी सांगणार? म्हणून आज तुलाच सांगते आहे. तुला अक्षर येत नव्हतं, तरी तुलाच.

आपल्या दोघींचं बिनसलं तेव्हा मी दीड महिन्याची होते. ते मला मोठीमायनं सांगितलं. मोठीमाय तुझी थोरली जाऊ, तिला मूलबाळ नव्हतं. ती म्हणते, तू सैपाकघरात विळीवर वांगी चिरत बसली होतीस आणि मी जवळच वाकळीवर झोपले होते. एकाएकी तू विळी पायानं लांब लोटलीस, उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिलीस आणि ओरडलीस, "बाई, हे पोट्टी उचला! माह्यापासून दूर न्या!"

"काहून वं? काय झालं?" मोठीमायनं विचारलं.

आणि तू खरं सांगितलंस. "माह्या मनात आलं, का हिची मान इळीवर धरावं."

तू सांगितलं असतंस की चक्कर आली, तर कदाचित आपलं सगळं आयुष्य वेगळं झालं असतं. लहानपणी मला याचाच राग यायचा. असं कोणी बोलतं का? पण आता वाटतं, तू त्या क्षणी स्वतःची अब्रू बघितली नाहीस, माझा जीव बघितलास. मोठीमायनं मला उचललं आणि तिच्या खोलीत नेलं. मग मी तिथेच वाढले.

बाबांनी तुला एका मांत्रिकाकडे नेलं. तीनदा नेलं. पहिल्या वेळी मोठीमाय सोबत होती. मिरच्यांची धुरी देऊन तो तुला कडुनिंबाच्या फोकांनी मारायचा आणि विचारायचा, "कोन हायेस तू? नाव सांग!" तू खोकत खोकत म्हणायचीस, "मी सुभद्राच आहो, बुवा. दुसरं कोनी नाही. मीच आहो." त्यावर तो आणखी जोरात मारायचा. म्हणायचा, आतलं जे आहे ते लबाड आहे, नाव सांगत नाही. अंगात दुसरं कोणी आहे असं तू नुसतं कबूल केलं असतंस, तर मार थांबला असता. पण तो विचार दुसऱ्या कोणाचा आहे असं म्हणायला तू एकदाही तयार झाली नाहीस.

मला आठवते ती माय घरात असून नसलेली. तू लोखंडाला हात लावत नसायचीस. चिरणं-कापणं मोठीमायनं करायचं. निंदणाला बायका विळे घेऊन बसायच्या तेव्हा तू दुसऱ्या टोकाला नुसत्या हातांनी मेथी उपटत असायचीस. मी घरात असले की तुझे हात कशात तरी गुंतलेले असत. तुरीच्या शेंगा सोलायच्या, लसूण निवडायचा, काहीच नसलं तर पदराचं टोक पिळत बसायचं. विहिरीवर मी असले तर तू मळ्याच्या बांधापर्यंतसुद्धा यायची नाहीस.

बाबांनी मला शाळेत घातलं तेही यामुळेच. आपल्या आळीत तेव्हा एकही पोरगी शाळेत जात नव्हती. बाबा मास्तरांना म्हणाले, "दिवसभर पोट्टी इथं राह्यली तं घरातली बाई जराशीक शांत राह्यते." म्हणजे मला विद्या मिळाली ती तुझ्या भीतीतून मिळाली. आज मी वाशिमला मुलींच्या शाळेत शिकवते, माझ्या पायावर उभी आहे. मास्तरीण म्हणून कोणी नमस्कार केला की पूर्वी मला बाबांची आठवण यायची. आता तुझी येते.

शाळेतून आले की तू दारात उभी असायचीस, माझ्यापासून चार हात लांब.

"तुले कुठं लागलं नाही ना?"

"नाही."

"म्या तं काही केलं नाही ना तुले?"

"नाही, माय."

"पाहून सांग. आंग पाहून सांग."

मी अंग बघितल्यासारखं करायची आणि पुन्हा नाही म्हणायची. तीन वेळा. तिसरं नाही जरा उशिरा आलं किंवा चिडून आलं, की सगळं पहिल्यापासून. मी दिवसभर शाळेत असताना तू मला काय करणार होतीस? पण तुझी खात्री पटत नसे. पटलीच तर तुझा चेहरा क्षणभर सैल व्हायचा. मला त्या चेहऱ्याचा लोभ होता. कारण तेवढाच क्षण तू मला इतर पोरींच्या मायसारखी दिसायचीस.

आणि मग तो दिवस. मी दहा वर्षांची होते. शाळेत एका पोरीच्या केसांत तिच्या मायनं लाल फितीची वेणी घातली होती. मी घरी आले आणि तुला म्हटलं, "माय, मले बी तशी घालून दे." तू दोन्ही हात पदराखाली घेतलेस. म्हणालीस, "मोठीमायले सांग."

मोठीमायनं वेणी छान घातली असती. मला ती तुझ्या हातची हवी होती.

संध्याकाळी तू विचारलंस, "तुले कुठं लागलं नाही ना?" आणि मी म्हटलं, "लागलं."

"कुठं?"

मी परकर वर करून गुडघा दाखवला. शाळेच्या वाटेवर दगडाला ठेचकाळून पडले होते, त्याची खपली होती. मी म्हटलं, "तूच मारलं. तुले आठवत नाही का?"

तुझा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. तू रडली नाहीस, ओरडली नाहीस. उंबऱ्यावर बसलीस आणि स्वतःच्या हातांकडे बघत राहिलीस. आठ दिवस तुझ्या पोटात पेजेपलीकडे काही गेलं नाही. नंतर तू बाबांना हात जोडून सांगितलंस की मी घरात असेन तेव्हा तुझे हात बांधून ठेवायचे. बाबांनी आधी ऐकलं नाही, मग ऐकलं. सुती दोरी होती, पण मनगटांवर वळ पडायचे. ते वळ मी रोज बघत होते. एक शब्द बोलले असते तर दोरी सुटली असती. मी बोलले नाही. मार बसेल म्हणून आधी भ्याले, पुढे लाज वाटली, आणि मग इतके दिवस गेले की बोलायची वेळच निघून गेली असं वाटलं. पाच-सहा महिन्यांनी बाबांनीच ती दोरी फेकून दिली. माझ्या मनाच्या गाठी तशाच राहिल्या.

मला स्थळं आली नाहीत. "त्या बाईची पोट्टी" म्हटल्यावर पाहुणे कारंजा गावातूनच परत फिरायचे. मी अमरावतीला बायकांच्या ट्रेनिंग शाळेत गेले तेव्हा तुझ्यापासून सुटले म्हणून मला आनंद झाला होता. हेही सांगून टाकते.

तिथे बाळंतपणाच्या आरोग्यावर बोलायला एक डॉक्टरीणबाई यायच्या. एकदा त्या म्हणाल्या, बाळंतपणानंतर काही बायकांचं मन आजारी पडतं, त्याला भूतबाधा समजू नका. वर्ग सुटल्यावर मी त्यांच्या मागून व्हरांड्यात गेले आणि एका दमात तुझं सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला सांगितलं.

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि एकेक विचारत गेल्या. "तिनं तुला कधी खरोखर इजा केली?"

"नाही."

"तो विचार तिला आवडतो का? त्याचा राग येतो, की भीती वाटते?"

"भीती. मरणाची भीती."

"कोणी कानात सांगतं असं म्हणते? की स्वतःच्याच मनात येतं म्हणते?"

मला तो मांत्रिक आठवला, तुझं ते "मीच आहो" आठवलं. तेही सांगितलं. बाई माझ्या आणखी जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तिनं मार खाल्ला तो खरं बोलण्यासाठी." पुढे विचारलं, "तू नाही म्हणालीस की तिला किती वेळ बरं वाटतं?"

"घडीभर. मग पुन्हा विचारते."

त्या म्हणाल्या, "तुझी आई वेडी नाही, पोरी. दुष्ट तर नाहीच. हा मनाचा एक आजार आहे. डॉक्टरीत त्याला नाव आहे, पुस्तकं आहेत. नको तो विचार कोणाच्याही मनात येतो. माझा मुलगा लहान असताना मी त्याला कडेवर घेऊन स्टेशनात उभी होते. गाडी येताना दिसली आणि मनात आलं, याला खाली टाकलं तर? अंगावर काटा आला. मग गाडी थांबली, मी चढले, विसरले. तुझी आई विसरू शकली नाही. तिला वाटलं, विचार आला म्हणजे मी तशीच आहे. ज्याची सगळ्यात जास्त माया, नेमकी त्याचीच भीती हा आजार घालतो. आणि जी माणसं अशी भितात, ती तसं करत नाहीत."

मी त्या बाकावर इतकी रडले की बाईंनी त्यांचा रुमाल मला दिला. वीस-बावीस वर्षं मी समजत होते की तुला मी नकोशी आहे.

"औषध काय?" मी विचारलं. बाई म्हणाल्या, बाटलीतलं औषध त्यांच्याजवळ नाही. वेड्यांच्या इस्पितळात मुळीच पाठवू नका. "तू नाही म्हणतेस, त्यानं तिची भूक भागत नाही, वाढते. उत्तर देणं हळूहळू कमी करा. पण तिच्याजवळ बसून, मायेनं. तिची भीती आपोआप ओसरेपर्यंत तिच्याजवळ बसून राहायचं."

सुट्टीत मी घरी आले. तू ओसरीत लसूण सोलत होतीस. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. स्टेशनातली गोष्टही सांगितली. तुझे हात थांबले.

"डाक्तरीणबाईच्या मनात आलं होतं? तिच्या सोताच्या लेकराबद्दल?"

"हो, माय."

"मंग ते जगली कशी?"

"गाडीत बसून घरी गेली. विसरून गेली."

तू लसणाची पाटी बाजूला सारलीस. मला वाटलं, आता तू उठशील, आता काहीतरी सुटेल. पण तू हळू आवाजात म्हणालीस, "ते म्हनते का मनात येते पन हातून होत नाही. माह्या हातून तं झालं ना. तुह्या गुडघ्याले म्या मारलं तवा."

माय, मी तिथल्या तिथे तुझ्यापुढे डोकं टेकलं. म्हटलं, "ते खोटं होतं. मी दगडाले ठेचकाळली होती. तुह्यावर रागावली होती म्हून खोटं बोलली."

आणि तू हसलीस. किती मायेनं हसलीस! "मले बरं वाटावं म्हून म्हनतं तू. शिकली-सवरली झाली ना." मी शपथ घेतली, मोठीमायला बोलावलं, रडले, चिडले. तू मान हलवत राहिलीस. खरं सांगायला मी बारा वर्षं उशीर केला होता. तेवढ्यात माझं खोटं तुझ्याजवळ खऱ्यापेक्षा पक्कं झालं होतं. हा वाद आपण नंतर किती वेळा घातला! तो संपलाच नाही. तू गेलीस तीसुद्धा माझा गुडघा आपण फोडला असं समजूनच गेलीस.

मग मी दुसरा हट्ट धरला. बाबांना आणि मोठीमायला बजावलं की मायनं ते विचारलं की कोणीही उत्तर द्यायचं नाही. मीही दिलं नाही. पहिल्या दिवशी तू सात-आठदा विचारलंस. दुसऱ्या दिवशी माझे पाय धरायला आलीस आणि हात लागेल म्हणून मध्येच थांबलीस. "एकडाव सांग वं. एकच डाव." मी भिंतीकडे तोंड करून बसले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं अर्धंच मी उचललं होतं. मायेनं, जवळ बसून, हे मी ऐकलं होतं, पण मला येत नव्हतं. आपल्या दोघींत तशी सवयच कुठे होती? मला आता कधी कधी शंका येते की त्या गप्प बसण्यात थोडी शिक्षाही होती. त्या न घातलेल्या वेणीची.

तरी सहाव्या दिवशी तू विचारलं नाहीस. मी वाशिमला नोकरीवर रुजू झाले, तिथे मोठीमायचे निरोप यायचे. सुभद्रा आता कमी विचारते. सुभद्रेनं परवा एकटीनं विळीवर मेथी चिरली. आणि गेल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, मी आले तेव्हा तू आपण होऊन तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे येऊन बसलीस. तुझी बोटं माझ्या टाळूला लागली. तू निम्म्या डोक्याला तेल लावलंस आणि "बस, आता नाही होत" म्हणून उठून गेलीस. मी तशीच बसून राहिले. उरलेल्या केसांना मी दोन दिवस तेल लावलं नाही. चोवीस वर्षांत तुझ्या हाताचा तेवढाच स्पर्श मला माहीत आहे. तेवढा तू दिलास, किती भीती गिळून दिलास, हे मला कळतं. त्यासाठी मी तुझी जन्माची ऋणी आहे.

पावसाळा सरता सरता तुला हिवताप आला. मोठ्या लढाईपायी तापावरचं कोयनेल मिळेनासं झालं होतं. बाबा कारंज्याच्या सगळ्या दुकानांत हिंडले, हात हलवत परत आले. मला निरोप मिळाला त्या दिवशी मोटर नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या मोटरनं मी पोचले तेव्हा अंगणात माणसं बसलेली दिसली.

शेवटचं मला मोठीमायनं सांगितलं, तेही तिसऱ्या दिवशी, राख सावडून आल्यावर. दुपारी तुझा ताप चढला होता. तू तिचा हात धरलास. तू, जी कोणाचा हात धरत नव्हतीस. आणि विचारलंस, "बाई, पोरीले कुठं लागलं नाही ना?"

"मंग तू काय म्हटलं?" मी मोठीमायला विचारलं.

ती माझ्याकडे बघेना. "तूनंच सांगतलं होतं ना वं, उत्तर द्याचं नाही म्हून. मले वाटलं, आता बोलली तं तिचा रोग वाढन. म्या तिचं कपाळ पुसत राह्यली. तिनं आनखीन दोनदा इचारलं. मंग इचारलं नाही."

मोठीमाय चोवीस वर्षं तुझ्यासाठी विळी चालवत आली आणि शेवटच्या घटकेला माझी आज्ञा पाळून बसली. मी तिला काय म्हणू? चूक तिची नाही. रोग मोडायला निघालेली शहाणी मास्तरीण मी. मरणाऱ्या माणसाला हवं ते उत्तर द्यावं, एवढंही सांगायचं मला सुचलं नव्हतं. मायेशिवायचं अर्धं ज्ञान त्या मांत्रिकाच्या फोकासारखंच लागतं.

कोणी समजूत घालतं की निदान मला आजाराचं नाव तरी कळलं. काय करू त्या नावाचं? तू होतीस तेव्हा ते मला धड वापरता आलं नाही.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. शेजारच्या मळ्यातली धाकटी सून आली होती. मेथीचं बी मागायला म्हणून आली, पण बी मिळाल्यावरही जाईना. तिची तीन वर्षांची पोरगी वाफ्यात खेळत होती. मोठीमाय आत गेल्याबरोबर ती मला हळूच म्हणाली, "ताई, तुमच्या मायच्या मनात जे येत होतं ना... मले बी येते. चुलीपाशी बसली का येते. हिले चुलीत लोटून देईन म्हून. कोनाले सांगतलं नाही म्या. दोन वरीस झाले."

मी तिला ओट्यावर बसवलं. डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या ते सगळं सांगितलं, या वेळी काही न गाळता. तिनं रडत रडत ऐकलं. बाईंची बदली कुठे झाली ते मला ठाऊक नाही, नाहीतर तिला घेऊन गेले असते. मग डोळे पुसून तिनं विचारलं, "पन तुमच्या मायनं इतके वरीस कसं काढलं हो? सकाळी उठून कामाले कशी लागे ते? मनाले काय सांगे?"

माय, मी तुझ्याशी गुडघ्यावरून भांडले, वेणीवरून रुसले, तुला आजार समजावून सांगितला, तुला वळण लावायला गेले. पण हे मी तुला कधीच विचारलं नव्हतं. ती बाई उत्तरासाठी माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी तिला खरं तेच सांगितलं: मी कधी विचारलंच नाही.